म्हैसगडाचे दिवे

आमच्या घरी दिवाळी नव्हती, चकल्या होत्या. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा जुने सण घराबाहेर काढले, आणि ते गेल्यावरही पप्पांनी ते परत आत घेतले नाहीत. पण शाळेला सुट्टी लागायची, चाळभर तळणीचा वास सुटायचा, आणि आपली पोरं दुसऱ्यांच्या दारात घुटमळताना पाहणं आईला खपायचं नाही. म्हणून नेमक्या त्याच आठवड्यात ती स्टोव्ह पेटवून बसायची आणि या सगळ्याला ‘सुट्टीचं खाणं’ म्हणायची. चाळीत धड असा पितळी सोऱ्या एकच होता. तो या घरातून त्या घरात फिरत आमच्याकडे यायचा तेव्हा त्याला तीन-चार घरांच्या भाजणीचे वास लागलेले असायचे. पप्पा पहिली चकली उचलून दरवर्षी विचारायचे, “हे दिवाळीचं नाही ना?” आई झारा न थांबवता सांगायची, “नाही, भाजणीचं आहे.” मग ते दुसरी उचलायचे. आमच्या घरातले बरेचसे तात्त्विक प्रश्न असेच सुटत.

चाळ कोपरला होती, स्टेशनपासून खाडीच्या बाजूला चालत गेलं की लागणारी. तिच्या मागून नाला जायचा. नाल्यावर सिमेंटची फरशी टाकलेली, ती ओलांडली की दुसरी वस्ती. नाल्याच्या अलीकडे एका पक्षाची शाखा आणि पलीकडे दुसऱ्याची. पक्षांची नावं मी इथे देत नाही. दोन्ही त्यानंतर इतक्यांदा फुटले आणि एकमेकांत मिसळले, की आज नाव घेतलं तर वाचणारा भलत्यालाच शिव्या घालेल. आम्ही लहानपणी ‘अलीकडचे’ आणि ‘पलीकडचे’ एवढंच म्हणायचो, आणि तेवढ्याने भागायचं. शाळेचा प्रवेश, रेशनकार्ड, इस्पितळातली खाट, सगळं शाखेतून व्हायचं. काम झालं की तो माणूस त्या शाखेचा होऊन जायचा, त्याला कुणी विचारायचंही नाही. आम्ही अलीकडचे. एक काम मात्र दोन्ही शाखांकडून झालं नव्हतं, ते पाण्याचं. आमच्या रांगेला सामाईक नळ एकच होता आणि तो पहाटे थोडा वेळ यायचा. आईची झोप, तिची कंबर आणि तिचा स्वभाव, तिन्ही त्या नळाने ठरवलेले होते.

आत्या आमच्यातच राहायची. पप्पांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, कल्याण कोर्टात वकिली करणारी. चाळ तिला ‘वकीलबाई’ म्हणायची. तिचा काळा कोट दाराच्या मागे खुंटीवर असायचा आणि त्याला कुणी तेलकट हात लावला तर तेवढ्यापुरतीच ती आरडाओरडा करायची. अलीकडच्या शाखेची पोरं मोर्च्यात किंवा मारामारीत पकडली गेली की शाखाप्रमुख भाऊ आत्यासाठी रिक्षा पाठवायचे. एकदा आमच्या बाजूच्या एका मुलाला चौकीत फार मारलं होतं. तेव्हा भाऊंनी मोर्चा काढला, आणि आत्याने लिहून दिलेली ओळ कापडावर रंगवून घेतली: ‘मानवी हक्कांची पायमल्ली थांबवा’. मोर्चा संपल्यावर ते कापड आमच्याकडे आलं, कारण एवढं चांगलं मांजरपाट आई फेकू देणार नव्हती.

त्या वर्षी आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि भाऊ स्वतः घरी चहाला आले. आत्याचं नाव वर पाठवलंय, म्हणाले. घरात सगळ्यात जास्त आनंद पप्पांना झाला. ते एमआयडीसीतल्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, बोलायचे कमी, पण त्या रात्री जेवताना त्यांनी ताटाच्या कडेला बोटाने पाइपलाइन काढून दाखवली. मेन लाइन इथून, फाटा इथून, आपल्या रांगेत प्रत्येकाच्या मोरीत नळ. आई म्हणाली, “ताट खरकटं आहे, पाणी कुठून जाणार.” पण तीही बघत होती.

माझं लक्ष किल्ल्याकडे होतं. दिवाळीत दोन्ही शाखा किल्ले बांधण्याच्या स्पर्धा घ्यायच्या. चाळीतल्या मुलांनी ओळखीचे गड आधीच वाटून घेतलेले, मुलींच्या वाट्याला माती कालवणं. मला ते पटेना. शिल्लक गड नव्हता, म्हणून मी माझा केला. चाळीच्या टोकाला पिंपाजवळ दगड रचले, गोणपाट मातीत बुडवून त्यावर पसरलं, वरून अळीव पेरले आणि त्याला म्हैसगड नाव दिलं. तबेल्यातून सुटलेल्या म्हशींना पंख फुटले आणि त्यांनी डोंगरावर राज्य स्थापन केलं, अशी त्याची कथा. म्हशी मी चिकणमातीच्या केल्या, पंख कोंबडीच्या पिसांचे लावले. रात्री दव पडून माती ढासळू नये म्हणून वरून मोर्च्याचं कापड टाकायचे. संध्याकाळी ते काढलं की पोरं गोळा व्हायची आणि मी त्या दिवसाची गोष्ट सांगायची.

आत्या कोर्टातून आली की चपला न काढता तिथे थांबायची आणि उलटतपासणी घ्यायची. गडावर पाणी कुठून येतं? शेण कोण काढतं? म्हशी उडतात तर दूध वरून सांडत नाही का? मला राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी मी टाकं खणायची आणि शेण उचलणाऱ्या कावळ्यांची फलटण नेमायची. आज मी अद्भुतकथा लिहून थोडंफार नाव मिळवलं आहे. कार्यशाळांत लोक विचारतात, कल्पना कशा सुचतात. कल्पना कुणालाही सुचतात, म्हशीला पंख लावायला काही लागत नाही. त्यानंतर शेण कोण काढणार, हे ठरवायला बसावं लागतं.

गडाची खरी जादू म्हणजे दिवे. पप्पांनी टॉर्चचे छोटे बल्ब जोडून दिले होते, तटावर एकेक. वायरी मागून पिंपाआड आणलेल्या, तिथे मी बसायची. गडाच्या पायथ्याशी पत्र्याच्या डब्याची अंधारकोठडी होती. नियम असा, की त्या कोठडीत चांगल्या माणसाला कोंडलं तर तटावरचा एक दिवा आपोआप विझतो. गोष्ट त्या जागी आली की मी मागून एक वायर काढायची. पोरं श्वास रोखायची. दुष्टाला कोंडलं तर दिवे तसेच राहायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची.

दुष्ट म्हणून त्या वर्षी मी पश्याला घेतला. पश्या म्हणजे नाल्यापलीकडच्या मेस्त्रीकाकूंचा प्रशांत. कॉलेज सोडून पलीकडच्या शाखेत कॅरम खेळणारा, गळ्यात कायम त्यांच्या रंगाचा मफलर. आदल्या वर्षी त्याच्या बॉलने माझा तट पाडला होता आणि वर “बांधायला येत नाही तर बांधता कशाला” असं मलाच सुनावलं होतं. पलीकडच्यांच्या एका सभेत त्याने आत्याच्या रंगावरून आणि कोटावरून एक घोषणा दिली होती, ती मी इथे लिहीत नाही. मी बाजारातल्या एका मावळ्याचं पागोटं खरवडून काढलं, गळ्यात त्याच्या रंगाचा मफलर रंगवला आणि त्याला कोठडीत बसवला. भाऊ सहज म्हणून किल्ला बघायला आले, त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि पोट धरून हसले. शाखेतल्या चार जणांना बोलावून दाखवलं. “पोरीने बरोबर माणूस आत टाकलाय,” म्हणाले. पहिलं बक्षीस मला तिथेच मिळाल्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी आत्याने पूर्ण गोष्ट ऐकली. पोरं गेल्यावर ती पिंपाशी आली आणि कोठडीकडे बोट दाखवून तिने विचारलं, “दिव्याला कसं कळतं?”

“काय?”

“आत बसलाय तो चांगला की वाईट, हे दिव्याला कसं कळतं?”

मी म्हटलं, जादूचा दिवा आहे, त्याला कळतं. ती म्हणाली, “त्याला नाही कळत. तुला कळतं, तू वायर काढतेस. मग ती जादू कसली, ती तर तुझी मर्जी.” आणि हात धुवायला निघून गेली. मी फार चिडले. तेराव्या वर्षी इतका नेमका दोष कुणी दाखवलेला आवडत नाही. खरं तर पन्नाशीतही आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंच्या शुभेच्छांचा कापडी बॅनर नाक्यावर फाटलेला सापडला. भाऊ चौकीत गेले, तक्रार दिली आणि दुपारी पोलिसांनी पश्याला कॅरम बोर्डावरून उचललं. बॅनर त्यानेच फाडला असणार, असं मला आजही वाटतं. त्याला शोभणाराच प्रकार होता तो. चाळीत सगळे खूश झाले. मी तर जरा जास्तच, कारण माझी गोष्ट खरी झाली होती.

त्याला घरी सोडेनात. आणखी एक दिवस गेला आणि सकाळी आईची तळणी चालू असताना मेस्त्रीकाकू फरशी ओलांडून आमच्या दारात आल्या. त्या याआधी कधी आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या नव्हत्या. त्यांना रडू येत नव्हतं, त्या नुसत्या उभ्या होत्या. चौकीत त्यांना भेटू देत नव्हते. नोंद नाही, अटक नाही, नुसतं चौकशीला बसवलंय, एवढंच सांगत होते. डबा घेऊन गेल्या तेव्हा आतून पोराचा आवाज ऐकू आला, तो कसा होता ते त्यांनी सांगितलं नाही. पलीकडच्या शाखेचे वकील सुट्टीला गावी गेलेले. शाखेतले म्हणाले, आठवडा जाऊ दे, आता ताणलं तर आणखी पोरं उचलतील. आईने त्यांना आत बसवलं आणि समोर चकल्यांची ताटली ठेवली. काकूंनी ताटलीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “वकीलबाई, तो तुम्हाला काय काय बोललाय ते मला ठाऊक आहे.”

“मलाही ठाऊक आहे,” आत्या म्हणाली. “कधी उचलला ते नीट सांगा.”

बातमी शाखेत पोचायला वेळ लागला नाही. आत्या कोट घालत होती तोवर भाऊंची स्कूटर खाली आली. ते वर आले, काकूंना बघून दारातच थांबले आणि आत्याला गॅलरीत बोलावलं. आमच्या चाळीत गॅलरीत बोललेलं सगळ्यांसाठीच असायचं.

“आपला पोरगा असता तर मीच रिक्षा पाठवली असती,” भाऊ म्हणाले.

“माहितेय. म्हणून आज मी माझ्या पैशाने चाललेय.”

“बाई, मस्करी नको. तक्रार माझी आहे. वर तुमचं नाव गेलंय. उद्या वरचे मला विचारणार, ही बाई नक्की कुणाची?”

“वकील आहे म्हणून सांगा.”

“तिकीट जाईल.”

आत्याने कोटाची बाही सरळ केली. पप्पा आत स्टुलावर बसले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं बोट मांडीवर तीच पाइपलाइन काढत होतं. आत्यानेही ते पाहिलं असावं, कारण ती भाऊंना तिथेच सोडून आत आली आणि पप्पांसमोर उभी राहिली. “दादा, जाऊ ना?” पप्पांनी मांडीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, “मला कशाला विचारतेस. जाणारच आहेस.” ते काही आनंदाने म्हणाले नाहीत.

काकूंना सोबत म्हणून आईने मला पाठवलं. चौकीत आम्हाला बाकावर बसवलं. तिथले साहेब आत्याला चांगले ओळखायचे. त्यांनी चहा मागवला आणि हसत म्हणाले, मॅडम, हा तर तुमच्या विरोधातला. आत्या म्हणाली, “मी त्याचं मत मागायला आलेली नाही. चोवीस तास होऊन गेलेत, त्याला कोर्टापुढे कधी उभं करताय, एवढं विचारायला आलेय.” साहेब म्हणाले, अटकच नाही तर कोर्ट कसलं. आत्या म्हणाली, अटक नाही तर मग त्याला आत्ता घरी पाठवा, त्याची आई बाकावर बसलीय. साहेबांचं हसू कमी झालं. भाऊंना काय सांगू, असं त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं त्या दिवसातला सगळ्यात खरा प्रश्न तोच होता. आत्याने चहा तसाच ठेवला. सुट्टीतही कल्याणला एक न्यायाधीश बसलेले असतात. आम्ही तिघी रिक्षाने कल्याणला गेलो, आत्याने काकूंच्या नावाने अर्ज दिला आणि दुपार कलायच्या आत चौकीला पश्याला घेऊन कोर्टात यावं लागलं.

तो चालत आला, पण चपलेत पाय नीट बसत नव्हता. गळ्यात मफलर नव्हता. न्यायाधीशांनी त्याला अंगावरच्या खुणांबद्दल विचारलं, तेव्हा तो आधी चौकीतल्या माणसांकडे बघायला लागला. आत्या म्हणाली, “तिकडे नको, समोर बघून सांग.” त्याने सांगितलं. त्याची नोंद झाली, आधी दवाखान्यात न्यायला सांगितलं, मग जामीन. बॅनरची केस पुढे चालू राहिली. आत्याने त्याला निर्दोष वगैरे म्हटलं नाही, तो तिचा विषयच नव्हता. परतीच्या रिक्षात काकू मध्ये बसल्या होत्या आणि पिशवीतून आईने दिलेल्या चकल्या काढून पोराला भरवत होत्या. पश्या बाहेर बघत खात होता. कोपर आल्यावर उतरताना तो आत्याला म्हणाला, “फी काय झाली?” ती म्हणाली, “पुढच्या सभेत जरा बरी घोषणा शोध. आधीचीत यमक जुळत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी स्पर्धेचं परीक्षण होतं. भाऊ आले, सोबत शाखेतले चौघे-पाच जण. मी कापड काढलं, गोष्ट सांगायला लागले. म्हशी उडाल्या, टाकं भरलं, कावळ्यांची फलटण येऊन गेली. मग कैद्याची जागा आली. मफलरवाला मावळा डब्यात बसलेलाच होता. आदल्या रात्री मी काही ठरवलं नव्हतं, असं आठवतं. पण हात मागे गेला आणि मी वायर काढली. तटावरचा दिवा विझला.

पोरं गोंधळली. भाऊ म्हणाले, “अगं, बल्ब गेला तुझा.”

मी म्हटलं, गेला नाही, विझला. कुणालाही न विचारता कोंडलं की विझतो.

“पण हा तर बदमाश आहे ना?”

“आहे. पण ते दिव्याला कळत नाही.”

भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. ते वाईट गृहस्थ नव्हते, आईला एकदा इस्पितळात त्यांनीच खाट मिळवून दिली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, “वकीलबाईंची भाची,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या किल्ल्याकडे गेले. मला उत्तेजनार्थ मिळालं, कंपासपेटी. आत्याचं तिकीट पुढच्या गल्लीतल्या एका बाईंना गेलं. त्या निवडून आल्या आणि त्यांच्या रांगेत नळ आले. आमच्या रांगेत यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली, तोवर आई पहाटे उठत राहिली. त्याबद्दल तिने आत्याला एकदाही ऐकवलं नाही, पण बादल्या मात्र मुद्दाम तिच्या उशाशी आपटायची. आत्या उठायची आणि एक हंडा भरायची. त्या दोघींचं त्यावर छान जमलं होतं.

आत्या आता कल्याणला राहते, गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. भाऊ आणि पश्या पुढे एकाच पक्षात गेले. अजून तिथेच आहेत का, मला माहीत नाही.

पप्पांचं सांगायचं मात्र राहिलं. परीक्षण झालं त्या दिवशी ते कामावरून आले, जेवले. मग पक्कड आणि पत्र्याची एक पट्टी घेऊन पिंपाशी जाऊन बसले. मला वाटलं किल्ला काढायला लावतील. मी जाऊन उभी राहिले तर त्यांनी मला बॅटरी धरायला लावली. कोठडीच्या तळाशी त्यांनी ती पट्टी अशी बसवली की वर काही ठेवलं की ती दबायची आणि तारेपासून सुटायची. तटावरचा दिवा त्यांनी त्या पट्टीशी जोडला आणि पिंपामागे आणलेल्या माझ्या सगळ्या वायरी कापून टाकल्या. आता मागे बसायची गरजच उरली नव्हती.

“बघ,” ते म्हणाले. मफलरवाला आत ठेवला, दिवा विझला. काढला, लागला. मग त्यांनी तटावरचा साधा मावळा ठेवला, विझला. सिंहासनावरची पंखवाली म्हैस उचलली, ती गडाची राणी होती, तिलाही ठेवलं. विझला. आत्या पायऱ्यांवर चकली खात बसली होती, ती उठून खाली आली आणि वाकून बघायला लागली. पप्पांनी तिच्याकडे न बघता राणी पुन्हा सिंहासनावर ठेवली आणि पट्टीवरची माती फुंकून साफ केली.

“आता त्याला काही कळायची गरज नाही,” ते म्हणाले, आणि तिच्या हातातली उरलेली चकली काढून घेतली.